ओलीने जपलेला इतिहास

हवामान बदलाचा विषय निघाला की नेदरलँड्सचे एक ठरलेले चित्र पुढे येते: समुद्र चढतो आहे, बांध तोकडे पडत आहेत, आणि समुद्रसपाटीखाली वसलेला हा छोटा देश आज ना उद्या पाण्यात जाणार आहे. त्या चित्राला आधार आहेच. देशाची २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आणखी २९ टक्के जमिनीला नद्यांच्या पुराचा धोका आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने बांध फोडले तेव्हा १,८३६ माणसे दगावली. तरीही या देशाच्या प्राचीन वारशाचे पुढे काय होणार, असे विचारले की हे चित्र अपुरे पडते. इथला भूतकाळ फार मोठ्या प्रमाणावर जमिनीखाली आहे. घरांचे लाकडी खांब, होड्या, चामड्याचे जोडे, कुडाच्या भिंती, धान्य, परागकण, माणसांची हाडे हे सारे ओल्या मातीत, भूजलाच्या पातळीखाली शेकडो-हजारो वर्षे टिकून आहे. पाणी उतरले की ते नासू लागते. ज्या देशाच्या बुडण्याची जगाला काळजी वाटते, त्याच्या जमिनीखालच्या वारशाला आज वाळण्याची धास्ती अधिक आहे. म्हणून वारसा जतन हा तिथे आधी भूजलाचा प्रश्न आहे, आणि पाण्याची पातळी ठरवताना जोवर पुरातत्त्वाचा विचार होत नाही, तोवर संरक्षित स्थळांची यादी कितीही लांबली तरी तिचा उपयोग मर्यादित राहील, असे माझे म्हणणे आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा स्खोकलांडला मिळतो. झौदरझे या उथळ खाडीसमुद्रातले हे एक अरुंद, लांबट बेट. मध्ययुगात ते बरेच मोठे होते. पण त्याची जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाणवनस्पतींच्या थरांची, आणि तिच्या कडा लाटांनी खाल्ल्या. माणसे मातीचे उंचवटे रचून त्यांवर दाटीवाटीने राहू लागली. १८२५ च्या फेब्रुवारीतल्या पुराने बेटाचे कंबरडेच मोडले, आणि अखेर १८५९ साली राजा तिसरा विलेम याच्या हुकुमाने साडेसहाशेच्या आसपास रहिवाशांना बेट सोडावे लागले. पुढे १९३२ साली आफ्स्लाउटडाइक हा सुमारे ३२ किलोमीटरचा बांध घालून झौदरझेचे तोंड बंद केले गेले. त्यानंतर बेटाभोवतीच्या समुद्राला बांधाचे कडे घालून पाणी उपसले, आणि १९४२ साली तो तळ कोरडा झाला. अशा बांधबंदिस्त, पाणी उपसून राखलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. जिथे मासेमारीच्या होड्या फिरत, तिथे बटाटा, बीट आणि कांदा पिकू लागला, आणि स्खोकलांड हा शेतांमधला एक किंचित उंच पट्टा होऊन बसला. शेतीसाठी पाणी खाली ठेवल्यावर बेटाच्या पोटातला पीटही सुकू लागला, आकसू लागला आणि बेट खचू लागले. नवाश्मयुगापासूनच्या वस्तीच्या ज्या खुणा पाण्याने झाकून ठेवल्या होत्या, त्यांच्यापर्यंत हवा पोहोचू लागली. १९९५ साली स्खोकलांड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्या यादीतले ते नेदरलँड्सचे पहिले स्थळ. पण यादीत नाव आल्याने जमिनीची ओल वाढत नाही. या शतकाच्या सुरुवातीला बेटालगतचा शेतजमिनीचा एक पट्टा शेतीतून काढून तिथली भूजल पातळी मुद्दाम वर आणली, तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने जतनाला सुरुवात झाली. पाण्याच्या भीतीने माणसांनी सोडलेले बेट वाचवण्यासाठी त्याच्या कडेला पुन्हा पाणी आणावे लागले.

असे का होते, हे लाकडावरून समजते. पाण्याने लाकूड कुजते, असा आपला रोजचा अनुभव. पण लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कुंपणाचा खांब जमिनीच्या वर टिकतो, खोल खालीही बराच टिकतो, आणि नेमका जमिनीलगत कुजतो, कारण तिथे दोन्हींची गाठ पडते. लोणच्यावर तेलाचा थर असेतोवर त्याला बुरशी धरत नाही; पाण्याने भरलेली चिकणमाती आणि पीट लाकडाच्या बाबतीत तेच काम करतात. सारे ॲमस्टरडॅम या तत्त्वावर उभे आहे. तिथली वरची माती इतकी भुसभुशीत की ती वजन पेलत नाही. घट्ट वाळूचा पहिला थर सुमारे बारा मीटर खाली लागतो. म्हणून स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिककडून आणलेले पाइन आणि स्प्रूसचे सोट त्या थरापर्यंत ठोकले जात, त्यांची डोकी नेहमीच्या भूजल पातळीच्या खाली येतील अशी कापली जात, त्यांवर आडवी लाकडे टाकली जात आणि मग विटांचे बांधकाम सुरू होई. १६४८ साली याकोब फान काम्पेनच्या आराखड्यानुसार ज्या नगरभवनाचे काम सुरू झाले आणि जे आज राजवाडा म्हणून ओळखले जाते, त्याच्याखाली असे १३,६५९ सोट आहेत. डच मुलांना हा आकडा पाठ असतो: वर्षाचे ३६५ दिवस, त्याआधी १ आणि शेवटी ९. जवळजवळ पावणेचारशे वर्षे ते लाकूड दगडी इमारत पेलते आहे. त्याची एकच अट आहे: सोटाचे डोके ओले राहिले पाहिजे.

ही अट मोडायला आता एक लांबलेला उन्हाळा पुरतो. २०१८ आणि २०२२ या वर्षांत पश्चिम युरोपात कडक अवर्षण पडले, भूजल उतरले आणि अनेक डच शहरांत पायाच्या लाकडाचा प्रश्न ऐरणीवर आला. सरकारला पर्यावरण आणि पायाभूत सोयींविषयी सल्ला देणाऱ्या मंडळाने २०२४ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात सुमारे ४,२५,००० इमारतींच्या पायाला नुकसान झाले आहे किंवा पुढच्या दहा वर्षांत होईल, असा अंदाज मांडला. त्यांत लाकडी सोटांच्या इमारती आहेत, तशाच सोटांविना थेट मऊ जमिनीवर टेकलेल्याही आहेत. दोन्हींच्या मुळाशी भूजलाची चढउतार आणि खचणारी जमीन आहे. डच हवामान खात्याने २०२३ साली जे अंदाज प्रसिद्ध केले, त्यांत पुढचे उन्हाळे अधिक कोरडे आणि हिवाळे अधिक ओले होतील असे दिसते. इथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. पाण्याखालचे लाकूड अमर नसते. बुरशीला हवा लागते, पण काही जीवाणू हवेशिवायही लाकूड खातात. पाइनच्या सालीलगतची बाहेरची लाकूडपट्टी त्यांना विशेष बळी पडते. फरक वेगाचा आहे. जीवाणू शतकांच्या हिशेबाने काम करतात, बुरशी वर्षा-दशकांच्या. भूजलाची पातळी स्थिर ठेवणे म्हणजे वारशाला शतके मिळवून देणे, आणि जतनाच्या कामात याहून मोठे आश्वासन कोणालाच देता येत नाही.

ही कोरड एकट्या हवामान बदलाने आणलेली नाही, आणि म्हणूनच तिचा इतिहास पाहिला पाहिजे. सुमारे हजार वर्षांपूर्वी हॉलंड आणि उट्रेख्टचा बराचसा भाग पीटचा दलदली प्रदेश होता. हा पीट समुद्रसपाटीच्या काही मीटर वर, मध्ये फुगलेल्या घुमटासारखा साचलेला होता. दहाव्या ते चौदाव्या शतकांत शेतकऱ्यांनी त्यात समांतर चर खणले, पाणी बाहेर काढले आणि धान्य पेरले. पीटमध्ये मुळात पाणीच जास्त. ते गेल्यावर तो दबला, आणि जो भाग हवेला उघडा पडला तो अक्षरशः हवेत विरून गेला. जमीन खाली गेली, पुन्हा ओली झाली, चर आणखी खोल केले, ती आणखी खाली गेली. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून पवनचक्क्या पाणी उपसू लागल्या, एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आली, मग डिझेल आणि वीज. प्रत्येक नव्या यंत्राने पाणी आणखी खाली नेण्याची सोय झाली आणि जमीन त्याच्या मागोमाग उतरत गेली. पीटच्या कुरणांत हे खचणे आजही चालू आहे. वाईट ठिकाणी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. समुद्राशी लढून जमीन मिळवणारा देश ही नेदरलँड्सची लोकप्रिय ओळख खरी आहे, पण त्याच देशाने पाणी उपसून आपली जमीन स्वतःच समुद्राच्या खाली नेली, हेही तितकेच खरे. हवामान बदल या जुन्या कोरडीत भर घालतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये विल्निस या गावाजवळ कालव्याचा पीटचा बांध फुटला आणि घरांत पाणी शिरले, तेव्हा पाऊस नव्हता, पूर नव्हता, वादळही नव्हते. लांबलेल्या उन्हाळ्याने बांधाचा पीट सुकून हलका झाला होता आणि कालव्याच्या पाण्याने तो बाजूला सरकवला.

अशा जमिनीत काय काय टिकते, याचे उत्तर उत्तरेच्या किनाऱ्यावर मिळते. फ्रीसलांड आणि ग्रोनिंगनमध्ये बांध नव्हते तेव्हापासून, इसवी सनापूर्वी पाच-सहाशे वर्षांपासून, लोक मातीचे आणि शेणाचे उंचवटे रचून भरतीच्या वर राहत. या उंचवट्यांना टेर्प म्हणतात. थोरल्या प्लिनीने या किनारपट्टीवरच्या अशा वस्तीचे वर्णन करून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टेर्पची ही माती खत म्हणून विकली जाऊ लागली. नापीक वाळूच्या जमिनींसाठी ती होड्या भरभरून गेली आणि अनेक टेर्प अर्धेअधिक कापले गेले. उरलेल्यांचा शास्त्रीय अभ्यास ज्याने हाती घेतला, तो आल्बर्ट एग्गेस फान गिफेन मुळात जीवशास्त्रज्ञ होता, आणि त्यामुळे मडक्यांइतकेच त्याचे लक्ष बियांकडे, हाडांकडे आणि शेणाकडे होते. १९२३ ते १९३४ या काळात त्याने ग्रोनिंगनमधील एझिंगेचा टेर्प उकरला. तिथे लोहयुगातली घरे एकावर एक रचलेली निघाली: विणलेल्या फांद्यांच्या कुडाच्या भिंती उभ्याच्या उभ्या, मध्ये खांबांच्या दोन रांगा, एका टोकाला माणसांची चूल आणि दुसऱ्या टोकाला गुरांची ठाणी, त्यांत शेणाचा थर तसाच. आपल्याकडच्या उत्खननांशी हे ताडून पाहिले तर त्याचे मोल कळते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत केलेले काम भारतीय पुरातत्त्वातले एक उत्तम उत्खनन मानले जाते. तिथे ताम्रपाषाणयुगातली शंभराहून अधिक घरे मिळाली. पण मिळाली ती चोपलेल्या जमिनी, चुली आणि खांबांचे खड्डे या रूपात. खांब स्वतः कधीच मातीत मिसळले होते. तिथल्या अभ्यासकांना खड्ड्यांवरून जे घर मनात उभे करावे लागले, ते एझिंगेला ओलीने प्रत्यक्ष उभे ठेवले होते.

पाणी आणि वारसा यांची गाठ कायद्याच्या इतिहासातही सापडते, आणि ती एका किड्याने बांधली. १७३०-३१ च्या सुमारास डच किनाऱ्यावरच्या बांधांचे लाकूड टेरेडो या समुद्री जिवाने पोखरल्याचे आढळले. लोक त्याला किडा म्हणत असले तरी तो शिंपल्याच्या कुळातला. कवचाच्या दोन पात्यांनी तो लाकडात बोगदे पाडतो, आणि बाहेरून धड दिसणारा सोट आतून मधमाश्यांच्या पोळ्यागत झालेला असतो. बांधांची लाकडी चिलखते काढून दगड बसवावे लागले. पण नेदरलँड्सच्या सपाट मातीत दगड फारसा नाही. तो परदेशातून आणावा लागला आणि ड्रेंथे प्रांतातल्या, हिमयुगात बर्फाने वाहून आणलेल्या मोठ्या धोंड्यांवर व्यापाऱ्यांचा डोळा गेला. त्याच धोंड्यांनी पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी हुनेबेड ही महापाषाणी थडगी रचली होती. धोंडे उचलले जाऊ लागले तसे १७३४ च्या जुलैमध्ये ड्रेंथेच्या शासनाने सीमेचे दगड आणि हुनेबेडचे दगड हलवण्यास मनाई केली. प्राचीन अवशेषांना संरक्षण देणाऱ्या युरोपातल्या सुरुवातीच्या कायद्यांत त्याची गणना होते, आणि आज नेदरलँड्समध्ये ५४ हुनेबेड उभे आहेत. समुद्राच्या पाण्यातला बदल किनाऱ्यापासून दूर असलेल्या थडग्यांपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे अठराव्या शतकातले उदाहरण आहे. टेरेडोला उबदार, खारे पाणी मानवते, त्यामुळे तापणाऱ्या समुद्रात तो पुन्हा काळजीचा विषय झाला आहे. टेक्सेल बेटाच्या पूर्वेला वाडेन समुद्रात, जिथे जुनी व्यापारी जहाजे वाऱ्याची वाट पाहत नांगर टाकून उभी राहत, तिथल्या तळावर अनेक जहाजे पडून आहेत. त्यांपैकी काहींवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जाळी अंथरली आहे, म्हणजे त्यांत वाळू अडकून जहाज झाकलेले राहावे. २०१४ साली अशाच एका जहाजातून पाणबुड्यांनी सतराव्या शतकातला एक रेशमी झगा वर काढला. प्रवाहाने वाळू सरकवली नसती तर तो दिसला नसता. आणि वाळूने इतकी वर्षे झाकला नसता तर तो उरलाही नसता.

आता कायद्याकडे येऊ. १९९२ साली माल्टामधील व्हॅलेटा इथे युरोपीय देशांनी पुरातत्त्वीय वारशाविषयी जो करार केला, त्याचा गाभा असा की अवशेष शक्यतो जागच्या जागी जपावेत आणि बांधकामामुळे ते अशक्य झाले तर उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने द्यावा. नेदरलँड्सने २००७ साली हे तत्त्व आपल्या कायद्यात आणले. तत्त्व चांगले आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: जमिनीत ठेवलेली वस्तू जमिनीत सुरक्षित असते. रस्ता, इमारत, नांगर यांच्यापासून ती सुरक्षित असेल. तिच्याखालचे पाणी उतरले तर हाच निर्णय तिला संथपणे नष्ट करण्याचा निर्णय ठरतो, आणि तोही कोणाच्या नजरेला न येता. २०२१ साली जागतिक वारसा ठरलेली ऱ्हाइनकाठची रोमन सरहद्द घ्या. तिचा डच भाग बहुतांशी जमिनीखाली आहे. लाकडी घाट, टेहळणीचे मनोरे, रस्त्याच्या कडेचे सोट यांची स्थिती वरून पाहून कळत नाही. पुन्हा, स्थळाला संरक्षण देते एक खाते आणि पाण्याची पातळी ठरवते दुसरी संस्था. तेराव्या शतकापासून चालत आलेली, लोकांनी निवडून दिलेली २१ जलमंडळे नेदरलँड्समध्ये प्रत्येक पोल्डरची पातळी सेंटिमीटरच्या हिशेबाने ठरवतात. दीर्घकाळ त्यांचा नियम असा राहिला की जमिनीचा जो वापर असेल त्याला सोयीची पातळी ठेवायची. गवत असेल तर इतकी, बटाटा असेल तर आणखी खाली. या हिशेबात जमिनीखालच्या वापराला, म्हणजे तिथे साठलेल्या पाच हजार वर्षांना, कोणी ग्राहकच नव्हता.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: जे नासणार आहे ते उकरून काढा आणि संग्रहालयात ठेवा. काही ठिकाणी हेच योग्य असते. उट्रेख्टजवळ दे मेर्न इथे १९९७ साली सापडलेले, सुमारे २५ मीटर लांबीचे रोमन जहाज आधी जमिनीतच ठेवले होते. २००३ साली ते उकरून वर काढले गेले आणि प्रदीर्घ प्रक्रियेनंतर आज लोकांना पाहता येते. पण हा सर्वत्र लागू होणारा मार्ग नव्हे. ओले लाकूड बाहेर काढल्यावर ते जपण्यासाठी त्यातल्या पाण्याची जागा मेणासारख्या रसायनाने भरावी लागते, आणि मोठ्या जहाजाला त्यासाठी वर्षे लागतात. झ्वामरडाम इथे १९७० च्या आसपास सापडलेल्या सहा रोमन होड्यांना नीट मांडले जाईपर्यंत कित्येक दशके गेली. फ्लेवोलांडच्या पोल्डरांतच चारशेहून अधिक जहाजांचे अवशेष सापडले आहेत. त्यांतली काही मातीचा ढीग आणि प्लास्टिकची आवरणे घालून, ओल राखून जागच्या जागीच ठेवली आहेत. शिवाय उत्खनन एकदाच करता येते. फान गिफेनने शेण जपले म्हणून त्यातून पुढे पुष्कळ शिकता आले. पण त्याच्या काळी मातीतला प्राचीन डीएनए वाचण्याची विद्याच नव्हती. आज जे उकरू, ते आजच्या प्रश्नांपुरतेच उकरू. पुढच्या पिढ्यांच्या प्रश्नांसाठी काही राखायचे तर ते जमिनीतच राहिले पाहिजे, आणि जमीन ओली राहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो माणसांच्या पोटाचा आहे. पाणी वर आणले की कुरण मऊ होते, ट्रॅक्टर रुततो, गाई उशिरा बाहेर सोडाव्या लागतात, दूध घटते. पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर कष्ट केलेल्या कुटुंबाला मातीखालच्या खांबांसाठी उत्पन्न सोडायला सांगणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. पण ज्या दुग्धशेतीचे रक्षण करायचे म्हणतो, ती स्वतःच जमीन खचल्यातून जन्मली आहे. मध्ययुगात पीटवर धान्य पेरले जाई. जमीन खाली जाऊन ओली झाल्यावर धान्य पिकेना, तेव्हा शेतकरी गवताकडे आणि गुरांकडे वळले, आणि जगात नाव झालेले चीज त्यातून आले. बदलत्या जमिनीशी जुळवून घेण्याची विद्या त्या शेतकऱ्यांकडे आधीपासून आहे. आणि पाणी खालीच ठेवले तरी ती शेती कायम राहणार नाही. पीट विरत जाईल, पंपांचा खर्च वाढेल, शेजारच्या घरांच्या भिंती तडकतील. प्रश्न असा आहे की बदलाचा भार कोणी उचलावा. तो एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये, समाजाने भरपाई द्यावी आणि ओल्या जमिनीत पिकणाऱ्या पिकांना बाजार मिळवून द्यावा. स्खोकलांडला शेतजमीन बाजूला काढली गेली ती योजना करून, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरा आक्षेप असा की समुद्र एवढा चढणार असेल तर भूजलाच्या सेंटिमीटरांची चर्चा कशाला? उत्सर्जन आवरले नाही तर या शतकाच्या अखेरीस डच किनाऱ्यावर पाणी सव्वा मीटरच्या आसपास वर येऊ शकते, असे २०२३ चे अंदाज सांगतात. धोका क्षुल्लक नाही. पण समुद्रासाठी बांध आहेत, त्यांच्या उंचीला कायद्याचे मापदंड आहेत, वेगळा निधी आहे, १९५३ ची आठवण आहे. कोरडीसाठी यांतले जवळजवळ काहीच नाही. शिवाय दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात मोडतात, कारण बांधावर किती भार येणार हे समुद्र किती चढला यावर जसे ठरते तसे जमीन किती उतरली यावरही ठरते. पीट ओला ठेवला तर जमीन खचणे मंदावते. आणि पीट हा कार्बनचा साठा आहे. तो सुकला की कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. २०१९ च्या डच हवामान करारात पीटच्या कुरणांतून होणारे उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाला १० लाख टनांनी कमी करायचे ठरले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने पुढच्या नियोजनाचे सूत्र मांडले की पाणी आणि माती काय सोसते त्यावरून जमिनीचा वापर ठरावा. पीटच्या भागात भूजल पृष्ठभागाखाली २० ते ४० सेंटिमीटरवर आणावे. हवामानासाठी, घरांच्या पायांसाठी आणि एझिंगेसारख्या कुडाच्या भिंतींसाठी लागणारे पाणी एकच आहे. म्हणूनच घरे आधी की मडकी आधी, हा वाद या बाबतीत निरर्थक ठरतो. मात्र हे आपोआप जुळून येत नाही. कुठे पाणी वर आणल्याने जुन्या भिंतींना ओल चढेल, कुठे नवे खारे पाणी अवशेषांपर्यंत पोहोचेल, कुठे पातळी चढवून पुन्हा उतरवली तर अधिकच हानी होईल. कोणत्या शेताखाली काय आहे हे जाणणारा माणूस त्या चर्चेत हवा.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांलगत खाजन शेते आहेत; चिखल, जांभा दगड आणि पेंढा वापरून घातलेले बांध, त्यांत बसवलेली लाकडी दारांची मानस, जी भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, आणि खारेपणा सोसणारे कोरगुट भात. हॉलंडमधल्या व्लार्डिंगेन इथे पोखरलेल्या खोडांचे, तोंडाशी झडप असलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे पाण्याचे नळ ओल्या मातीत सापडले आहेत. त्यांचे काम मानसीच्या दाराचेच. खाजनांचे बांध गांवकरी ही गावाची सामुदायिक संस्था सांभाळत असे, जसे पोल्डरचे जलमंडळ. पुढे ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली, अनेक ठिकाणी बांध दुर्लक्षित राहिले आणि शेतांत खारे पाणी शिरले. आपण किल्ले, लेणी, देवळे वारसा म्हणून जाणतो. पण जलव्यवस्था टिकली तरच टिकणारा वारसा आपल्या डोळ्यांत भरत नाही. किनाऱ्यावरच्या कोणत्याही स्थळाचा जतन आराखडा करताना तिथले भूजल, भरतीची रेषा आणि बांधाची देखभाल यांची नोंद नसेल, तर तो आराखडा अर्धा आहे.

नेदरलँड्सच्या अनुभवातून निघणारी मागणी साधी आहे. प्रत्येक जलमंडळाच्या पातळीच्या निर्णयासोबत त्या जमिनीखालच्या ज्ञात अवशेषांचा नकाशा असावा. संरक्षित स्थळांच्या खाली भूजल मोजणाऱ्या विहिरी असाव्यात आणि त्यांचे आकडे दर उन्हाळ्यात जाहीर व्हावेत. पाणी राखणे अशक्य असेल तिथे ते वेळेत कबूल करून उत्खननाचा पैसा मंजूर व्हावा. आणि पाणी वर आणल्याने ज्यांचे उत्पन्न जाते त्यांना भरपाई मिळावी. यांतली एकही गोष्ट तंत्रज्ञानाअभावी अडलेली नाही. आठशे वर्षे पाणी सेंटिमीटरने मोजत आलेल्या देशाला ती जमण्यासारखी आहे. डच लोकांनी पाणी बाहेर काढण्याची कला जगाला शिकवली. पुढच्या शतकात त्यांच्या घरांचा आणि त्यांच्या भूतकाळाचाही निभाव पाणी आत राखण्याच्या कलेवर लागणार आहे, आणि ती शिकण्याला आधीच उशीर होत आहे.